दोन फोटो, एकशे एकतीस मिनिटं

पाकीट व्हॅनच्या नावाने आलं.
म्हणजे आमच्याच, जेब्सन काचकाम, हल,
पण वर आधी नंबर प्लेट, खाली आम्ही,
जणू व्हॅननेच आम्हाला नोकरीला ठेवलंय.

शंभर पौंड. चौदा दिवसांत भरलेत तर साठ.
पिवळी चौकट, ठळक काळी अक्षरं,
लांबून पाहिलं तर पोलीसच वाटावेत.
जवळून पाहिलं तर बिल.
दंडाचा कोट भाड्याने आणून घातलेलं
साधं बिल.

वडील म्हणाले, भरून टाक, साठच तर आहेत.
त्यांनी आयुष्यभर असंच भरलं,
वाटेत तडकलेल्या तावदानांचं, बुडव्या गिऱ्हाइकांचं.
हिशेब आता मी ठेवते.
म्हटलं, थांबा.

शनिवारी स्वतः जाऊन आले
टेप घेऊन, काचा मोजायची तीच.
पाटी जमिनीपासून अकरा फूट,
अर्धी हॉलीच्या फांद्यांत,
'नव्वद मिनिटं' ही अक्षरं माझ्या करंगळीच्या नखाएवढी.
भोवती एक गालिच्यांचं दुकान, एक तळलेल्या कोंबडीचं,
एक बुटांचं, बंद पडलेलं,
आणि कोपऱ्यात हिरव्या दाराचं काहीतरी.
तिकडे नीट पाहिलं नाही.
मी पाट्या मोजत होते.

रात्री पत्र लिहायला बसले.
एक: पाटी वाचता येत नाही.
दोन: फाटकातून शिरणं म्हणजे गाडी उभी करणं नव्हे,
गाडी आधी जागा शोधते, वळते, मागे येते, पुन्हा वळते.
तीन: चालक कोण होता, असं आपण विचारता.
व्हॅन कंपनीची आहे.
कंपनीला स्टिअरिंग धरायला हात नसतात,
आणि ज्याला आहेत त्याचं नाव
आम्ही सांगणार नाही.

वेळ टिपायला फोटो पुन्हा उचलले.
आत जाताना, दहा बावन्न.
बाहेर पडताना, एक वाजून तीन.
दोन्हींत बाजूला काचा लावायची तीच चौकट,
तोच स्टॅदर्स, टोपी डोळ्यांवर.
पहिल्यात शेजारच्या सीटवर
दोन उभे कान.
दुसऱ्यात नाहीत.

टॅन्सी.
चौदा वर्षं त्या सीटवर,
हीटरच्या झोतात नाक खुपसून.
गिऱ्हाइकं आधी तिची चौकशी करायची, मग त्याची.
त्या मंगळवारी तो म्हणाला होता,
"ती आता नाही येणार कामावर."
मी म्हटलं, बरंच झालं, थंडी काय कमी आहे,
आणि पुट्टीची पावती मागितली.

हिरव्या दारावर पांढरा पंजा रंगवलेला होता.
आत्ता आठवला.

अर्जात तसा रकानाच आहे:
काही विशेष कारण असल्यास, थोडक्यात.
लिहिता आलं असतं.
की इंजेक्शनला किती वेळ लागतो मला माहीत नाही,
पण एकशे एकतीस मिनिटं नक्कीच नाही,
उरलेला वेळ एक माणूस
इंजिन बंद करून बसला असणार,
कारण व्हॅन सुरू केली की हीटर सुरू होतो.

नाही लिहिलं.
पाटीची उंची लिहिली, अक्षरांची मिलिमीटरमध्ये,
टेप धरून काढलेले फोटो जोडले,
सही केली, अ‍ॅव्हरिल जेब्सन, हिशेब विभाग.
विभागात मी एकटीच आहे.

दरम्यान स्टेपलरखाली एक पाकीट सापडलं,
आत साठ पौंड, वर नाव नाही.
व्हॅनच्या सनशेडमागे परत खोचून आले.
ना तो काही बोलला, ना मी.

सहा आठवड्यांनी उत्तर:
या वेळेपुरतं, केवळ सद्भावनेने, रद्द.
'सद्भावना' वडिलांनी दोनदा मोठ्याने वाचलं
आणि चहात बिस्किट बुडवायचं विसरले.

मी फाइल लावून टाकली.
त्या अकरा फुटांवरच्या पाटीवर
एकच शब्द रस्त्यापलीकडूनही वाचता येत होता,
'खाजगी'.
त्या मुद्द्यावर मात्र
मी त्यांच्याशी भांडले नव्हते.